गेन २६१ यायचा होता, आला ४.६

डिप्लोमाला असताना एका ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर बनवायचा होता. माझी ठाम समजूत होती, की गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) म्हणजेच बीटा (कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या किती पट, तो ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आकडा). मल्टिमीटरने बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा बीटा २९० दाखवला, की सिग्नल २९० पट होणार! व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी विचारलं, "मग ट्रान्झिस्टर बदलला की गेनही बदलेल?" मी छातीठोकपणे "हो" म्हणालो. सरांनी जर्नल परत केलं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळून पार्ट आणले आणि गणित पहिल्यापासून मांडलं. सप्लाय १२ व्होल्ट, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसला ४७ के आणि १० के (के म्हणजे किलोओहम) चा, व्होल्टेज वाटून देणारा डिव्हायडर, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के. बेसवर २.१ व्होल्ट. त्यातून बेस-एमिटरमध्ये पडणारे ०.६५ वजा केले की एमिटरवर १.४५, म्हणजे करंट १.४५ मिलिअँपिअर. २६ मिलिव्होल्टला (खोलीच्या तापमानाला धरायचा ठरलेला आकडा) या करंटने भागलं की एमिटरचा आतला रेझिस्टन्स मिळतो, साधारण १८ ओहम. १ के ला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यामुळे एसी सिग्नलच्या लेखी तो १ के नसल्यातच जमा. गेन ४७०० भागिले १८, म्हणजे २६१. यात बीटा कुठेच नाही! (तो इनपुट रेझिस्टन्समध्ये येतो, हे नंतर कळलं.)

सीआरओवर (वेव्ह दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) मात्र, इनपुटला ५० मिलिव्होल्ट दिले, तर बाहेर जेमतेम २३०. गेन ४.६. तासभर वायरी हलवल्या. मग सहज ४७०० ला १०१८ ने भागून पाहिलं. बरोब्बर ४.६! म्हणजे १ के अजून सर्किटात होता. कपॅसिटरचा एक पाय ब्रेडबोर्डवर शेजारच्या ओळीत बसला होता.

पाय नीट बसवला, तर वेव्ह वरून-खालून कापलेली. साहजिकच, ५० मिलिव्होल्ट गुणिले २६१ म्हणजे १३ व्होल्ट, आणि सप्लाय १२ चा. सिग्नल देणारा जनरेटर पुरेसा खाली येईना, म्हणून १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर लावून इनपुट शंभरावा हिस्सा केलं. आता वेव्ह स्वच्छ, उलटी, आणि गेन २४० च्या आसपास. आउटपुटला १० के लोड जोडला, तर १७० वर घसरला. कलेक्टरच्या ४.७ के ला तो समांतर येतो ना, ३.२ के भागिले १८ म्हणजे १७८.

शेवटी २९० बीटाचा ट्रान्झिस्टर काढून १८० चा लावला. पडद्यावरची वेव्ह जवळपास तेवढीच राहिली. सर मागे उभे होते. "आता आण जर्नल," म्हणाले.