क्योतोतला साकुरा: कुठे आणि कधी गाठायचा

ढगाळ हवेने आंब्याचा मोहोर कसा हातचा जातो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. साकुराचं, म्हणजे जपानी चेरीच्या बहराचंही तसंच. जपानमधल्या क्योतोत सोमेई योशिनो जातीचा बहर बहुतेक वर्षी मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरात येतो आणि जेमतेम आठवडाभर टिकतो. वाऱ्यापावसाने तोही लवकर झडतो, म्हणून मुक्काम चार-पाच दिवसांचा ठेवाच.

सुरुवात केआगेपासून करा. क्योतो स्टेशनवरून करासुमा मेट्रो पकडून करासुमा ओइकेला तोझाई मार्गावर बदला. बस टाळा, हंगामात ती खच्चून भरते आणि रस्त्यातच अडकते. केआगेला होड्या चढावावरून ओढून नेण्यासाठी घातलेले जुने रूळ आहेत, ५८२ मीटर, दुतर्फा साकुरा, तिकीट नाही. सकाळी सातच्या आत पोचा. रुळांमधल्या खडीवर पाय मुरगळतो, चप्पल नको.

तिथून नान्झेन-जी मंदिरावरून चालत तत्त्वज्ञाचा मार्ग गाठा. कालव्याकाठची ही दोन किलोमीटरची वाट आमच्या मते बहर सरताना सर्वांत सुंदर दिसते. पाकळ्या संथ पाण्यावर पसरतात आणि दुधावर धरावी तशी गुलाबी साय धरते. जपानीत तिला हानाइकादा, म्हणजे फुलांचा तराफा म्हणतात.

क्योतोला पोचायला उशीर झाला तर निन्ना-जी मंदिर गाठा. तिथला ओमुरो साकुरा एप्रिलच्या मध्याला फुलतो. झाडं तरण्या कलमाएवढी बुटकी, फुलं थेट डोळ्यांसमोर. फांदी मात्र खाली ओढू नका.

आणि स्वेटर घ्याच, पहाटे चांगलाच गारठा असतो.