तुम्ही विचारलेत म्हणून: रांजणातल्या निळ्याविषयी

माझ्या गळ्यातला निळा स्कार्फ पाहून बहुतेक जण एकच विचारतात, की बाजारात हवी ती निळी छटा मिळत असताना जपानी पद्धतीच्या निळीचे एवढे वेड कशासाठी? तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिकोकू बेटावरील तोकुशिमा, म्हणजे पूर्वीचा आवा प्रांत, हे या निळीचे माहेर. योशिनो नदीच्या पुरांमुळे तेथे भाताचा भरवसा नसे. नीळ मात्र शरदातील वादळांपूर्वीच कापणीला येई आणि पुराच्या गाळावर जोमाने वाढे. आपल्याकडे पाने पाण्यात भिजवून, ते पाणी घुसळून निळीच्या वड्या पाडत. तेथे वाळलेल्या पानांच्या ढिगावर पाणी शिंपडत, तो वरखाली करत सुमारे १०० दिवस कुजवतात आणि खतासारखा काळपट ‘सुकुमो’ मिळवतात. पुढे भारतातून येणारी नीळ आणि १८९७ पासून विकली जाऊ लागलेली जर्मन कृत्रिम नीळ यांच्यापुढे ही शेती खचली.

कृत्रिम निळीतही मूळ रंगद्रव्य तेच असते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मला ओढ आहे ती रांजणाची. सुकुमो, राखेचे पाणी, चुना आणि गव्हाचा कोंडा त्यात आंबत असतो. नीळ एरवी पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवणारे जिवाणू ऊब मागतात, खाणे मागतात आणि फार कापड बुडवले तर विश्रांतीही मागतात. वर जमणाऱ्या जांभळट निळ्या फेसाला तेथील रंगारी ‘निळीचे फूल’ म्हणतात आणि त्यावरून रांजणाची प्रकृती ओळखतात.

तेथील एका कार्यशाळेत मी प्रथम सुती रुमाल बुडवला, तेव्हा तो हिरवट पिवळा होऊनच बाहेर आला. पिळून हवेत धरताच कडांकडून निळा रंग चढत गेला, पण घडी उलगडली तर आत अजून हिरवेच होते, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत निळे झाले.

सर्वांत फिकट छटेला तेथे ‘कामेनोझोकी’ म्हणतात, म्हणजे रांजणात नुसते डोकावून आलेली. माझ्या स्कार्फवर रंगाचे अठरा हात आहेत. नवव्या हातानंतर रांजण थकला, म्हणून तेथील वृद्ध रंगाऱ्याने त्यावर झाकण ठेवले आणि मला उद्या यायला सांगितले.