दुसरा कान

तिने केस मागे घेतले तेव्हा डाव्या कानाच्या वरच्या कडेचा आकारच गेलेला दिसला. वरचा भाग आत चुरगळून बसलेला, कातडी जाड झालेली आणि पाळी मात्र जशीच्या तशी. एवढं दिसलं की काय झालं असेल ते माझ्यासारख्या कान टोचणाऱ्याला कळतं. कार्टिलेजचा, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या कूर्चेचा, संसर्ग पाळीपाशी थांबतो, कारण पाळीत कार्टिलेज नसतंच. तिला उजव्या कानाला नवं हेलिक्स, म्हणजे वरच्या कडेतलं भोक, टोचून हवं होतं.

डावा कान गनने टोचलेला होता. गनमध्ये बोथट टोकाचा खडा स्प्रिंगच्या जोराने आत घुसवतात. पाळीचं मांस तो धक्का कसाबसा सोसतं, कार्टिलेज मात्र चेचलं जातं. कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्याचं सगळं पोषण त्याला चिकटलेल्या पातळ आवरणातून होतं. दणक्याने ते आवरण सुटलं आणि मधे रक्त किंवा पू साठला, की खालचं कार्टिलेज उपाशी पडतं आणि काही दिवसांत मरतं. मेलेला भाग पूर्वीच्या आकारात परत येत नाही. त्यात गनची दांडी आखूड आणि मागचा क्लिप घट्ट. सूज आली की तो कातडीत रुततो आणि त्याच्या घड्यांत खपल्या साठतात. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही, म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या मधे ती नुसती पुसली जाते. वरच्या कानाला गन लावणाऱ्याने हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं तिने सांगितलं ते ऐकताना माझा संताप होत होता. चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. दुकानातून सल्ला मिळाला की खडा फिरवत राहा आणि स्पिरिट लावा. मग डॉक्टरांनी अॅमॉक्सिसिलिन दिलं. टोचलेल्या कार्टिलेजमधला नेहमीचा जंतू म्हणजे स्युडोमोनास, आणि त्याच्यावर अॅमॉक्सिसिलिन चालत नाही. त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध लागतं. तो आठवडा फुकट गेला. शेवटी कान-नाक-घसा सर्जनने पू काढला आणि मेलेलं कार्टिलेजही काढावं लागलं.

हा जंतू ओलाव्यात राहतो. नळ, सिंक, जंतुनाशकाची पुन्हा पुन्हा भरलेली बाटली, कुठेही. अमेरिकेत ऑरेगनमध्ये २००० साली एकाच विक्रीठेल्यावर कान टोचलेल्यांना हाच संसर्ग झाला, आणि तो जंतू सापडला चक्क जंतुनाशकाच्या बाटलीत. त्यातही पाळीपेक्षा वरचा कान टोचून घेतलेल्यांनाच जास्त भोगावं लागलं.

म्हणजे डाव्या कानाचं जे झालं ते तिच्या शरीरामुळे नव्हे, पद्धतीमुळे झालं. मधुमेह नाही, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी नाही, घरात कुणाला केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, नाही. सर्जनला विचारून यायला मी सांगितलं. त्यांनी हरकत घेतली नाही. या हिशेबाने तिचा धोका इतर कुणाही इतकाच होता. पण किंमत इतरांइतकी नव्हती. इतरांचा एक कान बिघडला तर दुसरा असतो, हिच्याकडे धड असा हा एकच. एक सहकारी म्हणाला, सरळ नाही म्हण. दुसरा म्हणाला, आपण नाही म्हटलं तर ती पुन्हा गनवाल्याकडे जाईल. दुसऱ्याचं बोलणं मला अजिबात पटत नाही, कारण वाटेल ते काम घेणारा प्रत्येक जण हेच कारण पुढे करतो. मी होकार दिला तो एवढ्यासाठी की किंमत काय पडू शकते हे तिला आम्हा तिघांपेक्षाही जास्त ठाऊक होतं. ते कारण पुरेसं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

काम मात्र जराही घाई न करता केलं. तिला रिंग हवी होती, मी नाही म्हटलं. रिंग जखमेतून सतत सरकते आणि वाळलेल्या खपल्या आत ओढते. घेतली ती इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची लॅब्रेट दांडी, एएसटीएम एफ१३६ या मानकाची, जाडी १६ गेज म्हणजे १.२ मिमी, मागे चपटी चकती, पुढे लहान मणी. कड मोजली ती साडेचार मिमी, दांडी लावली ८ मिमीची. उरलेली जागा सुजेसाठी.

खूण करताना तिला ताठ बसवलं, कारण आडवं झाल्यावर कानाचा कोन बदलतो. कानामागून टॉर्च धरला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या लाल रेघांसारख्या दिसतात. मूळ खुणेवरून एक बारीक शीर जात होती, म्हणून खूण दोन मिमी खाली घेतली. मागच्या बाजूलाही ठिपका काढला. सुई कातडीला काटकोनात गेली नाही तर दांडी कायम एका कडेवर रेलते आणि तिथे गाठ येते.

कातडीला पोव्हिडोन आयोडीन लावलं आणि पूर्ण वाळू दिलं. कानाजवळ मी क्लोरहेक्सिडिन वापरत नाही. पडद्याला भोक असलं तर ते आत उतरून ऐकू येण्यावर परिणाम करू शकतं. सुई आणि दागिना १३४ अंशांवर ऑटोक्लेव्ह केलेल्या पाकिटातून तिच्यासमोर काढले. तिला आडवं झोपवलं, श्वास सोडायला सांगितला आणि एकाच सलग दाबात सुई पार केली. कार्टिलेज पार होताना बोटांना बारीकसा कटकन झटका जाणवतो. सुईच्या मागोमाग दांडी आत गेली.

काळजी घ्यायला फारसं काही लागत नाही, म्हणूनच लोकांना ती खरी वाटत नाही. ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन, दिवसातून दोनदा, मग कोरडं टिपून घेणं. फिरवायचं नाही, स्पिरिट नाही, पेरॉक्साइड नाही, घरी कालवलेलं मिठाचं पाणी नाही. पोहणं बंद. पहिले काही दिवस थोडी सूज चालते. पण तीन-चार दिवसांनंतर ठणका वाढला, वरचा कान लाल-गरम झाला आणि पाळी मात्र ठीक असली, तर त्याच दिवशी सर्जनकडे जायचं.

खरी अडचण झोपेची होती. डावा कान दुखरा झाल्यापासून तिला उजव्या कुशीची सवय लागली होती. मधे भोक असलेली मानेची उशी घे आणि कान त्या भोकात सोड, असं मी सांगितलं. प्रवासात ती उशी न्यायची राहिली. महिना-दीड महिन्याने ती घाबरून आली. भोकाच्या मागे गुलाबी गाठ आली होती. पू नव्हता, कान गरम नव्हता. केलॉइड जखमेची हद्द ओलांडून पसरतं आणि बहुधा महिन्यांनी येतं. ही गाठ भोकाला चिकटून, दांडी जिकडे रेलली होती नेमकी तिकडेच होती. सूज उतरल्यावर ८ मिमीची दांडी लांब पडते, उशीच्या दाबाने तिरकी होते आणि कड घासते. ती बदलून ६ मिमीची घातली. काही आठवड्यांत गाठ बसली. अशा गाठीवर टी-ट्री तेल आणि अॅस्पिरिनचा लेप लावायला सांगणाऱ्यांनी आधी दांडीची लांबी बघावी.

हेलिक्स पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, तेव्हा तिचं अजून व्हायचंय. मागच्या भेटीत तिने विचारलं, डाव्या कानाच्या व्रणातूनच एक टोचलं तर तो झाकला जाईल का? तिथे मी साफ नकार दिला. व्रणाच्या कातडीखाली आता आधाराला कार्टिलेज नाही, दांडी ओढ खाऊन सरकत बाहेर येईल आणि असलेला व्रण आणखी फाटेल. आकार परत हवा असेल तर ते प्लास्टिक सर्जनचं काम आहे. बरगडीचं कार्टिलेज घेऊन कान घडवता येतो, हे मी तिला सांगितलं.