वायरी बघू का आधी?

आज परळला पॅरामेडिकच्या पोरांचा ईसीजीचा तास. पट्टीच्या कागदावर दोन ठोक्यांमध्ये दोन मोठे चौकोन, म्हणजे ३०० भागिले २, रेट (मिनिटाला ठोके) १५०. हे गणित पाच मिनिटांत पाठ. मग मुद्दाम डाव्या-उजव्या हाताच्या वायरी अदलाबदल करून काढलेली पट्टी वर्गात फिरवली. लीड वन (दोन हातांमधली नोंद) पूर्ण उलटी. सगळे एमआय, एमआय (हार्ट अटॅक) करत सुटले! विरारहून पहाटेची लोकल पकडून येणारी एक पोरगी तेवढी हळूच म्हणाली, "सर, वायरी बघू का आधी?" (मला हे कळायला सीनियरच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या.)

शेवटी प्रॅक्टिकलला एकाच्या घामेजल्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटेचनात. टॉवेलने पुसलं, पुन्हा लावले, पुन्हा सुटले. म्हटलं, मे महिन्यात ॲम्ब्युलन्समध्ये हेच करायचंय, तेही सायनच्या ट्रॅफिकमध्ये.