आठ पत्रकांची शीट

जुलै लागला की आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका मागे पडतात आणि कॉलेजचा सीझन सुरू होतो. नारायण पेठेतलं जुनं प्रेस. खाली मशीन, वर माळ्यावर माझं डीटीपीचं टेबल. हॉस्टेलची पत्रकं, मेसची कार्डं, अभ्यासिकांचे पास, क्लासची पत्रकं, 'गाडी भाड्याने मिळेल'चे स्टिकर. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला पहिल्या महिन्यात कोण कोण गाठणार, हे त्याच्या आधी मला ठाऊक असतं. मुलाला कोण आणि मुलीला कोण, हेही. मुलींच्या हॉस्टेलच्या पत्रकात सीसीटीव्ही, वॉर्डन, घरगुती वातावरण आणि रात्री साडेआठनंतर गेट बंद. मुलांच्या पत्रकात वायफाय, पार्किंग आणि 'नो टाइम लिमिट'. मालक बऱ्याचदा एकच. मी जुनी फाइल उघडते, तीन ओळी आणि एक फोटो बदलते, की दुसरं पत्रक तयार.

हा ऑगस्टमधला एक दिवस. सकाळी दुकान उघडून काकांनी (आमचे मालक, सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणते) उदबत्ती लावली नसेल, तोवर दोन तरुण मोबाइलवर डिझाइन घेऊन हजर. बालेवाडीकडे कुठेतरी फ्रेशर्स पार्टी होती. डिझाइनमध्ये एक मुलगी. फोटो हनुवटीच्या वर कापलेला, म्हणजे चेहरा नाहीच. खाली तिरप्या अक्षरांत 'या वर्षीचा फ्रेश स्टॉक'. त्याखाली दरपत्रक: गर्ल्स फ्री, कपलला अमुक, स्टॅगला (म्हणजे एकट्या मुलाला) तमुक.

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. ते शुद्धलेखनही तपासतात, कुणी सांगितलेलं नसताना.

"मुलींना फुकट का रे?"

"काका, मुली आल्या की मुलं पैसे भरून येतात. साधं गणित आहे."

इतक्या सरळपणे मांडलेला व्यवहार मी त्या आठवड्यात दुसरा ऐकला नाही. मुलगी गिऱ्हाईक नव्हतीच. ती दुकानाच्या काचेत मांडायचा माल होती, आणि पत्रकात तसं छापलंही होतं.

काकांनी काम नाकारलं. कारण त्यांनी दारूचं दिलं. पहिल्या वर्षाचं पोर अठरा वर्षांचं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. "तुमच्या पत्रकात 'वेलकम ड्रिंक' लिहिलंय, उद्या पोलीस आले तर खाली प्रेसचं नाव आमचं." २०२४ च्या मे महिन्यात पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने कल्याणीनगरला दोघांचा जीव घेतला, त्या अपघातापासून पबचं कुठलंही काम आलं की काका असे सावध होतात. पण पोरं जिना उतरून गेल्यावर ते मला म्हणाले, "आणि ते वाक्य काय, स्टॉक म्हणे. यांना आया-बहिणी नाहीत का?" दुपारपर्यंत शेजारचा बाइंडर, समोरचा चहावाला आणि कागदाचा टेम्पो घेऊन आलेला माणूस, अशा सगळ्यांना काकांनी काम कसं परत पाठवलं ते सांगून झालं होतं. चहावाल्याला दोनदा.

दुसरं काम अकराच्या सुमाराला ई-मेलवर आलं. नेहमीचे क्लासवाले, पैसे वेळेवर देणारे, बोलायला मऊ. कॉम्प्युटरचे कोर्स घेतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दहा हजार पत्रकं हवी होती, दोन प्रकारांत: पाच हजार निळी, पाच हजार गुलाबी. निळी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गेटवर आणि मुलांच्या मेसमध्ये वाटायची, गुलाबी कर्वेनगर-कोथरूडच्या लेडीज हॉस्टेलमध्ये. (कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते इथेच, तेव्हाच्या हिंगण्यात. गठ्ठ्यांवर पत्ते लिहिताना हे दरवेळी आठवतं.)

मॅटर दोन वेगळ्या फाइलींत होतं. निळ्यात पायथन, डेटा अ‍ॅनालिटिक्स, क्लाउड. मोठ्या अक्षरांत 'तुमचं पहिलं पॅकेज किती असेल?' खाली चौकटीत: स्कॉलरशिप टेस्ट, रविवारी सकाळी १० वाजता, ३२,००० रुपयांच्या फीमध्ये ४० टक्क्यांपर्यंत सूट. गुलाबीत कम्युनिकेशन स्किल, एचआर, बेसिक डिजिटल मार्केटिंग. 'घरबसल्या करिअर.' 'लग्नानंतरही उपयोगी पडणारं स्किल.' 'लेडीज बॅच, संध्याकाळी ६ च्या आत सुट्टी.' मैत्रिणीला आणलं तर दोघींना ग्रूमिंग सेशन मोफत. तळाशी बारीक अक्षरांत 'इतर कोर्सेस उपलब्ध'.

टेस्टची चौकट गुलाबीत नव्हती.

वाईट शब्द एकही नाही. चेहरा कापलेली बाई नाही. उलट छान सलवार-कमीज घातलेली, लॅपटॉपसमोर हसणारी मुलगी. काकांनी वरवर पाहिलं आणि म्हणाले, "बघ, याला म्हणतात सभ्य जाहिरात."

मी म्हटलं, दोन रंगांची दोन कामं म्हणजे छपाईच्या प्लेटांचे दोन सेट, खर्च वाढेल; एकच पत्रक करा असं सुचवू का? काका चाळीस वर्षं याच धंद्यात आहेत. "एकाच शीटवर बसव की. चार निळी, चार गुलाबी. सेट एकच लागतो." बरोबरच होतं. अठरा बाय तेवीसच्या शीटवर त्या मापाची आठ पत्रकं बसतात. साडेबाराशे शीट आणि वर थोडं वेस्टेज, की दहा हजार पत्रकं निघाली. खर्चाचा मुद्दा तिथेच बारगळला.

मग मी शीट बसवली आणि ए-थ्रीवर कलर प्रूफ काढलं. डावीकडे चार निळी, उजवीकडे चार गुलाबी, मध्ये कटिंगची रेघ. अशी शीट आमच्याशिवाय कुणी पाहतच नाही. कटिंग मशीनखाली गेली की दोन वेगळे गठ्ठे होतात, दोन वेगळ्या रिक्षांत बसतात. ज्याच्या हातात निळं पडतं त्याला गुलाबी दिसत नाही, जिच्या हातात गुलाबी पडतं तिला निळं.

मशीनवाले दादा चहा घेऊन वर आले. ते छापील कागद कुठल्याही बाजूने वाचतात, सवयच तशी.

"मुलींना परीक्षा माफ केलेली दिसतेय," ते म्हणाले. "बरंय. आता मुलींना सगळंच माफ."

त्यांची पुतणी इंजिनिअरिंगला आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क सरकारने पूर्ण माफ केलंय, तेव्हापासून दादा घरात पेढे वाटल्यासारखे बोलतात. त्यांना हेही त्यातलंच वाटलं.

"दादा, टेस्ट माफ म्हणजे सूटही माफ," मी म्हटलं. "पुतणीने पायथन लावायचं म्हटलं तर बत्तीस हजार पूर्ण. तिच्या वर्गातला मुलगा टेस्ट देऊन बारा-तेरा हजार वाचवू शकतो."

दादांनी प्रूफ सरळ केलं आणि पुन्हा वाचलं. मग निळ्यातल्या टेस्टच्या वेळेचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि खाली गेले. पुढे बोलले काहीच नाहीत.

चारनंतर क्लासचे सर स्वतः प्रूफ बघायला आले. एरवी मी प्रत्येक पत्रकाचं सुटं प्रूफ देते. त्या दिवशी अख्खी शीटच पुढे ठेवली.

ते बराच वेळ बघत राहिले. निळं त्यांनी स्वतः लिहिलं होतं, गुलाबी त्यांच्या मार्केटिंगच्या मुलाने. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनीही पाहिली नव्हती.

"टेस्ट मुलींना नाहीये का सर?"

"अहो ताई, टेस्ट सगळ्यांना खुली आहे. कुणी आली तर आम्ही काय नाही म्हणणार?"

"मग छापू या. खाली जागा आहेच."

इथे ते जरा सावरून बसले. म्हणाले, मुली कोडिंगला येत नाहीत, हा अनुभव आहे. आणि मुलीचं पत्रक मुलगी वाचत नाही, तिचे वडील वाचतात. सातारा-बीडहून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, सुटतं किती वाजता? म्हणून 'सहाच्या आत'.

हे मला खोटं म्हणता येईना. मी स्वतः बारावीनंतर पुण्यात आले तेव्हा माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं, आणि डीटीपीचा कोर्स मी घेतला तो दुपारी होता म्हणून. वडिलांची काळजी खरी आहे. पण त्या काळजीचा दर मुलीच्या फीत का लागावा, हे सरांना सांगता आलं नाही.

मी म्हटलं, "महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत सर. त्या मुली काय एचआर शिकायला आल्यात? तुमच्या पत्रकात पायथन नाही, म्हणून त्या विचारत नाहीत. आणि त्या विचारत नाहीत म्हणून तुम्ही छापत नाही."

काका खालून ओरडले, प्लेटवाला सातला बंद करतो म्हणून.

सर तरी म्हणाले, "कागदाचं एवढं काय घेऊन बसलात ताई. आमचं खरं काम इन्स्टाग्रामवर होतं. तिथे आम्ही मुलं-मुली वेगळं करतच नाही. 'ऑल' ठेवतो."

ऑनलाइनचं काम आमच्याकडे काकांचा भाचा करतो, त्यामुळे ते 'ऑल' काय असतं ते मला थोडं माहीत आहे. आन्या लाम्ब्रेख्त आणि कॅथरिन टकर या दोघींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नोकऱ्यांची एक जाहिरात त्यांनी १९१ देशांत चालवली, बायका आणि पुरुष दोघांसाठी खुली ठेवून. तरी ती पुरुषांना वीस टक्क्यांहून जास्त वेळा दिसली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तरुण बायकांसमोर जाहिरात दाखवायला इतर कंपन्या जास्त पैसे मोजतात, म्हणून ती जागा महाग, आणि स्वस्तात काम उरकणारं यंत्र आपसूक पुरुषांकडे वळतं. म्हणजे सर तिथे गुलाबी-निळं करत नसले तरी त्यांच्या नकळत होत असणार, आणि तिथे तर पूर्ण शीट कुणाच्याच टेबलावर येत नाही.

त्यांना मी एवढंच सांगितलं की 'ऑल' ठेवून भागत नाही, आकडे मागवून बघा. आणि जाहिरातींच्या नियमांचं सांगितलं. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरात धंद्याने १९८५ मध्ये स्वतःच उभी केलेली संस्था. जून २०२२ मध्ये तिने स्त्री-पुरुषांच्या ठोकळेबाज चित्रणाबद्दल नियम काढले. पुढच्या वर्षी शिक्षणाच्या जाहिरातींच्या नियमांतही, विद्यार्थ्यांना मुलगा-मुलगी म्हणून साच्यात बसवू नका, असं आलं. आमच्या भिंतीवर त्याची प्रिंट चिकटवलेली आहे, कारण '१०० टक्के प्लेसमेंट' छापा म्हणणारे दर सीझनला येतात.

"ते मोठ्या कंपन्यांना," सर हसून म्हणाले. "पत्रकाची कोण तक्रार करतं?"

ते चुकीचं बोलत नव्हते. ही संस्था दंड करू शकत नाही, जाहिरात बदला किंवा मागे घ्या एवढंच सांगते, आणि त्यासाठीही आधी कुणाच्या तरी डोळ्यांवर यावं लागतं. त्याच २०२२ च्या जूनमध्ये एका बॉडी स्प्रेची जाहिरात देशभर गाजली. बलात्काराची धमकी वाटावी असा विनोद होता. आरडाओरडा झाला आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला ती काढायला सांगितली. सगळ्यांनी पाहिली म्हणून गेली. सकाळचा 'फ्रेश स्टॉक' काकांनाही एका नजरेत खटकला. गुलाबी पत्रक हातात घेऊन कुणी कशाची तक्रार करणार? त्यात जे नाही, ते तिला दिसणार कसं?

शेवटी घासाघीस झाली, जशी दराची होते. टेस्टची चौकट गुलाबीत आली, निळ्यातल्याच आकारात. सर थोडी लहान करा म्हणत होते, मी म्हटलं मग डिझाइन असंतुलित दिसेल. ते काही खरं नव्हतं, पण क्लासवाले डिझाइनच्या बाबतीत आमचं ऐकतात. 'इतर कोर्सेस उपलब्ध'च्या जागी पायथन आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स ही नावं आली. 'लग्नानंतरही' मात्र त्यांनी सोडलं नाही. पालकांना आवडतं म्हणाले. ग्रूमिंग सेशनही राहिलं. गुलाबी रंगही.

सहाला 'सुट्टी' झालेल्या मुलींनी मुख्य बॅच कशी करायची, कारण ती संध्याकाळी साडेसहाला असते, हे मी जाता जाता विचारलं. "बघू," म्हणाले.

प्लेटा पावणेसातला गेल्या. भाचा धावत गेला आणि काकांनी मला दहा मिनिटं ऐकवलं की सकाळचं काम नाकारल्यावर हेही घालवलं असतं तर भाडं कुठून भरायचं. मी ऐकून घेतलं. फ्रेशर्स पार्टीचं पत्रक पुढे कुणीतरी छापलंच. दोन-तीन दिवसांत फर्ग्युसन रस्त्यावर विजेच्या डब्यांवर चिकटवलेलं दिसलं, फक्त 'वेलकम ड्रिंक'च्या जागी 'वेलकम मॉकटेल' होतं. 'स्टॉक' तसाच.

काकांनी बिलात करेक्शनचे दोनशे रुपये लावले. सरांनी ते कुरकुर न करता दिले आणि म्हणाले, पुढच्या वेळी दोन्ही मॅटर एकाच फाइलमध्ये पाठवतो.