मंडईतले चेहरे : ३१ ते ३८

एक रविवार पावसात गेला. कागदाला दमटपणा आला की पेन्सिल नीट धरतच नाही. दर रविवारी मंडईतल्या विक्रेत्यांचे चेहरे मी पेन्सिलीनं काढतो; तरीही महिन्यात आठ चित्रं झाली आणि आठही ज्याची त्याला देऊन टाकली. जागा तीच, कोल्हापूरची कपिलतीर्थ मंडई. सकाळी साडेसातला गेलं की गिऱ्हाइकांची गर्दी होईपर्यंत तासभर मिळतो. ए-५ आकाराचा जाडसर (दीडशे जीएसएमचा) कार्ट्रिज कागद, पॅड, एचबी, ४बी, ६बी (आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी) आणि मळून हवा तो आकार देता येणारा नीडेबल इरेझर, बस्स.

तेहतिसावं चित्र मेथी-शेपू विकणाऱ्या आजींचं. नाक, गालफडं, डोक्यावरचा पदर, सगळं मनासारखं उतरलं होतं. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण मात्र मी मुद्दाम गाळलं. पेन्सिलीत ते डागासारखं दिसेल असं वाटलं. आजींनी कागद हात लांब करून धरला, बराच वेळ पाहिला.

"नाक माझंच हाय. पर गोंदण कुटं गेलं?"

मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, "आईनं जत्रंत गोंदून आणलंय. बाकी समदं हितंच ऱ्हातं पोरा, येवढंच संगं येतं."

परत बसलो. पहिला ठिपका एचबीनं टोकदार दिला तर तो वरून चिकटवल्यासारखा दिसला. गोंदण कातडीच्या आत असतं, त्याला कडा नसते. म्हणून ठिपका देऊन इरेझर नुसता टेकवून उचलला, तेव्हा तो मुरला. हनुवटीवरचे तीन ठिपके एका ओळीत. त्यातला पलीकडचा हनुवटीच्या वळणावर असल्यामुळे लांबट आणि फिका काढावा लागला. ते तिन्ही जागेवर बसले आणि हनुवटीचं वळण चुकलेलं लक्षात आलं. तेही सुधारलं. आता चेहऱ्यावर तीळ, वण, गोंदण असेल तर ते मी सुरुवातीलाच खुणेपुरतं मांडून घेतो. मापाला त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

आजींनी फोटो काढू दिला नाही, त्यामुळे ते चित्र माझ्याकडे कुठेच नाही. ते त्यांच्याकडे आहे, हेच बरोबर वाटतं.

ताडपत्रीखालचा उजेड अजून छळतो. तो चारी बाजूंनी सारखा येतो आणि डोळ्यांच्या खोबणी सपाट होतात. दोन उपाय लागू पडले. एक, रांगेच्या टोकाचा विक्रेता निवडायचा, म्हणजे एका बाजूनं ऊन मिळतं. दुसरा, राजारामपुरीतल्या, अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या कलासंग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची (रेघांऐवजी पूड चोळून छटा दिलेली) चित्रं जवळून पाहून आलो, तेव्हापासून ६बीची पूड पॉलिश पेपरवर (घासकागदावर) काढून कापसानं अगदी हलकी फिरवतो. मऊ उजेड रेघांनी दाखवायचा हट्ट सोडला.

तोंड शेवटी काढायचं, हेही पक्कं झालं. माणसं सारखी भाव सांगत असतात. पहिल्या पाच मिनिटांत मानेचा कल आणि डोळ्यांची रेघ पकडली की मग ती हलली तरी काही बिघडत नाही.

पस्तिसावं चित्र तागडीखाली दाबून ठेवल्यानं पार पुसलं गेलं. त्या भाऊंना मी नवीन काढून दिलं. आता चित्र पुसू नये म्हणून फवारायच्या फिक्सेटिव्हचे दोन पातळ हात देतो, तेही मंडईबाहेर जाऊन, भाजीवर उडायला नको म्हणून. वर बटर पेपरची घडी.

"किती द्यायचं?" हा प्रश्न दर वेळी येतो. काही नाही म्हटलं की माणूस अवघडतो. आधी मी समोर आलेली कोथिंबिरीची जुडी परत करायचो, आता घेतो. देणाऱ्याचा चेहरा तेव्हा मोकळा होतो, आणि खरं तर तोच काढायला हवा होता असं वाटत राहतं.

पुढच्या रविवारी नारळवाले चाचा. पांढरीशुभ्र दाढी, त्यामुळे पहिल्यांदाच करडा कागद आणि पांढरी चारकोल पेन्सिल नेणार आहे. त्या कागदावर पावडर बसते का, कुणी करून पाहिलं असेल तर रविवारच्या आत सांगा.