घराचा प्लॅन मागच्या दारापासून काढायला घ्या

कणकवली तालुक्यात आमच्या गावच्या जागेवर नवीन घर बांधायचं ठरलंय. मुख्यतः आई-बाबांसाठी, आणि मग गणपतीत आणि मे महिन्यात आम्हा सगळ्यांसाठी. जागा पाच गुंठे म्हणजे ५४४५ चौरस फूट, रस्ता पूर्वेला, पाठीमागे पश्चिमेला काजूची बाग, जमिनीचा उतार रस्त्याकडे. सध्या घरात दुसरा विषयच नाहीये आणि मला यावर इतकं बोलायचंय की शेवटी लिहायलाच बसले.

नेटवर हाऊस प्लॅन म्हणून शोधलं की जे शेकडो नकाशे येतात ना ते सगळे पुढून सुरू होतात. पोर्च, मोठ्ठा हॉल, सोफा, टीव्ही युनिट, मग बेडरूम, मग किचन, आणि किचनच्या मागे चार फुटांची एक पट्टी, तिच्यावर युटिलिटी लिहिलेलं. आता आमच्याकडचं घर दिवसभर चालतं ते त्या पट्टीवरच! मासे साफ करायचे तिथे, नारळ सोलायचे तिथे, भांडी, कपडे, लाकडं, सिलिंडर, सुकवलेली सोलं, बागेतून आलेले चिखलाचे पाय, काजूच्या सीझनमध्ये बियांची पोती. हॉलमध्ये कोण बसतं, तर पाहुणे, आणि तेही पाच मिनिटांनी उठून मागच्या दाराशी आईशी गप्पा मारायला जातात. म्हणून आम्ही कागदावर पहिली रेघ मारली ती मागच्या पडवीची, आणि बाकीचं घर तिच्या पुढे मांडत गेलो. मला वाटतं गावात घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे असंच करावं.

मागची पडवी आठ फूट रुंद आणि घराच्या पूर्ण लांबीची, म्हणजे ३४ फूट. त्यातली दक्षिण टोकाची सहा फूट न्हाणीला गेली, राहिली २८. आठ फूट कशाला, पाच पुरेत असं इंजिनिअर म्हणाला, त्याच्या बाजूने त्याचं बरोबर आहे कारण प्रत्येक फुटाला पैसे लागतात. पण आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो सरळ पडत नाही, वारा नैऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो त्याच्याबरोबर तिरका येतो. पाच फुटांच्या पडवीत जुलैमध्ये चार फूट ओलीच असते. आठ फूट असली की भिंतीलगत तीन-चार फूट कोरडी राहते आणि तिथे कपड्यांच्या दोऱ्या बांधता येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे कुठे वाळवायचे हा प्रश्न ज्या नकाशात सुटलेला नाही तो नकाशा कोकणासाठी काढलेलाच नाही असं मी समजते. जुन्या घरांना पावसाच्या बाजूला चुडतं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधायचे, आम्ही पश्चिमेला कमरेइतकी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आणि तिच्यावर जाळी घेतोय, आणि छपराची कड सात फुटांवर आणलीये म्हणजे झड आत कमी येईल.

हीच पडवी दुसरं एक काम करते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडतं, भिंत संध्याकाळपर्यंत तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडत बसते, म्हणून पश्चिमेच्या खोल्यांत रात्री अकरा वाजताही झोप येत नाही. पडवीने ती भिंत सावलीत जाते. दक्षिणेचं तसं नसतं, उन्हाळ्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावरच असतो त्यामुळे दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेला पन्नासेक अंशांवर उतरतो तेव्हा छज्जाखालून ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं.

मात्र खोल पडवीमुळे आतली खोली काळोखी होते, हे आधीच धरून चालायला हवं. किचन पडवीला लागून आहे, त्याची पश्चिमेची खिडकी फारसा उजेड देणार नाही, म्हणून उत्तरेला चार फुटांची दुसरी खिडकी घेतली आणि पडवीच्या छपरात काचेची कौलं टाकायला सांगितली. जुन्या घरात आजीच्या चुलीवर अशाच एका काचेच्या कौलातून उजेड यायचा, स्वस्त आणि मस्त उपाय आहे.

किचनवरून घरात बरीच चर्चा झाली. वास्तूप्रमाणे किचन आग्नेयेला हवं असं बाबांचं म्हणणं. पण रस्ता पूर्वेला म्हणजे आग्नेय कोपरा पुढच्या बाजूला येतो, आणि मग मासे घेऊन पूर्ण घर ओलांडून मागे जायचं का? बाबांना मी तसं विचारलं तर ते विचारात पडले. मग वास्तूतच वायव्य हा दुसरा पर्याय मानतात तो घेतला, किचन वायव्येला १२ बाय १३, ओटा पूर्वेच्या भिंतीला म्हणजे स्वयंपाक करताना आईचं तोंड पूर्वेला. बाबा समाधानी आणि पडवीही हाताशी. आई-बाबांची खोली नैऋत्येला, तीही वास्तूत बसते आणि पडवीच्या सावलीतही येते. ज्यांना ज्यात श्रद्धा आहे त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता सोयीचा प्लॅन निघतो, फक्त दोघांनी एका टेबलावर बसून कागद फिरवत राहायचा. ओट्याची उंची ३२ इंच ठेवलीये, कारण आईची उंची कमी आहे आणि रोज तिथे उभी ती राहणार.

न्हाणी पडवीच्या टोकाला, बाहेरून दार. शहरातल्या मैत्रिणींनी विचारलं की आत अटॅच्ड आहे ना मग हे कशाला. गावात मर्तिकाला जाऊन आलं की आंघोळ करूनच घरात यायचं असतं, बागेत काम करणारी माणसं असतात, आणि गणपतीत वीस-बावीस माणसं घरात असताना सकाळी सहा वाजता एक बाथरूम काय करणार!

गणपतीवरून आठवलं, ओटीचा, म्हणजे पुढच्या बसायच्या खोलीचा आकार आम्ही सोफा धरून ठरवला नाही, गणपती धरून ठरवला. ओटी १२ बाय १८. तिच्यात ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत मोकळी ठेवलीये, खिडकी नाही कपाट नाही, माजघराचं दार एकदम कोपऱ्यात सरकवलं. म्हणजे मूर्तीचं तोंड पूर्वेला, समोर पुढचं दार, आणि भजनाला दोन्ही बाजूंनी माणसं बसतील. माटवी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला वर कड्या लागतात त्या छपराच्या लोखंडी पाइपलाच आधी वेल्डिंग करून घ्यायच्यात. वर्षातले पाच-सात दिवस म्हणून कोणी हसेल, पण त्याच दिवसांसाठी मुंबई-पुण्याहून सगळे गावी येतात आणि त्याच दिवसांसाठी हे घर एवढं मोठं बांधतोय.

आता मापं. इथे जरा सावकाश वाचा. प्लॅनवर खोली १० बाय १० लिहिली असेल तर विचारा की हे माप आतलं की भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. मध्यापासूनचं असेल आणि भिंती नऊ इंची असतील तर आत मिळतात सव्वानऊ फूट, त्यातून प्लास्टरचा इंचभर गेला. मग त्या खोलीत कागदावरच साडेसहा फूट लांबीचा पलंग ठेवा, दोन फूट खोल कपाट ठेवा, आणि दोघांमध्ये काय राहतं बघा: जेमतेम आठ इंच. कपाटाचं दारही उघडणार नाही. आम्ही ग्राफ पेपर घेतला, एक चौकोन म्हणजे एक फूट, आणि पलंग, कपाट, डायनिंग टेबल, फ्रिज सगळं त्याच मापात कापून कागदावर सरकवत बसलो, भाच्यांना तर हा खेळच मिळाला. यात एक गोष्ट फार लख्ख कळली की खोली दाराच्या जागेने बिघडते. दार भिंतीच्या मधोमध असलं की दोन्ही बाजूंच्या भिंती वाया जातात. कोपऱ्यापासून सहा इंच सोडून दार घेतलं की त्याच खोलीत कपाट आरामात बसतं.

नंतर जागेवर फक्की मारून खोल्या आखल्या. आखल्यावर सगळ्यांना खोल्या लहान वाटायला लागल्या, काकी तर म्हणाली, "अगो, ह्यात माणूस मावतलो काय?" उघड्या जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहान वाटते, भिंती उभ्या राहिल्या की ती मोठी वाटायला लागते, म्हणून तिथे घाबरून मापं वाढवायची नाहीत. खुर्च्या नेऊन ठेवा, चालून बघा, आणि कागदावरच्या मापावर विश्वास ठेवा.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सगळी दारं तीन फुटांची, बाथरूमचंही. पुढेमागे वॉकर किंवा व्हीलचेअर लागली तर अडीच फुटांच्या दारातून चौकटीची जाडी जाऊन काही उरत नाही. बाथरूमला उंबरठा नाही, फक्त अर्धा इंच उतार. जोतं दोन फूट आहे, आणि रॅम्पचा नियम एकास बारा, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट रॅम्प. तो पुढून घेतला तर पूर्ण अंगण खाऊन टाकेल, म्हणून उत्तरेच्या भिंतीलगत घेतला, पुढच्या पडवीत निघतो.

घराचा आकार एकदम साधा आयत आहे. एलिव्हेशन म्हणजे घराची दर्शनी बाजू छान दिसते म्हणून कोपरे आत-बाहेर काढले की दोन छपरं जिथे मिळतात तिथे पन्हळ येते, तिच्यात आंब्या-फणसाची पानं साचतात आणि गळती तिथूनच सुरू होते. हजार चौरस फूट छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी होतं! एवढं पाणी सरळ उतरून जायला हवं. आमच्या वाडीत सपाट स्लॅब टाकलेल्या कित्येक घरांवर नंतर पत्र्याची शेड चढलीये, दोनदा खर्च. आम्ही चिऱ्याच्या भिंती, लोखंडी पाइपचा सांगाडा आणि मंगलोरी कौलं.

सगळ्यात शेवटी ठरते आणि खरं तर पहिल्याच दिवशी ठरवायला हवी ती गोष्ट म्हणजे सांडपाणी. विहीर वायव्य कोपऱ्यात आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा, आणि आपला जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यात एक फूटही कमी नको. म्हणून खड्डा आग्नेयेला, विहिरीच्या उताराच्या बाजूला, आणि म्हणूनच न्हाणी आणि अटॅच्ड बाथरूम दोन्ही दक्षिणेच्या अंगाला घेतले, एकच पाइप सरळ जातो. पन्नास फूट पाइपला चाळीसास एक उतार म्हणजे पंधरा इंच. तेवढं जोत्याच्या उंचीत आणि जमिनीच्या उतारात बसतंय. इंजिनिअरला ही पातळी प्लॅनवरच लिहून द्यायला सांगितलंय, तोंडी नको, कारण खोदाईला येणारी माणसं वेगळी असतात.